स्कूटर, जंगर आणि आपले सात दिवस

शेलारच्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी याआधी तुमच्याशी कर्ज, हप्ते, पापड-मसाले यांवर बोलले. आज फिरण्यावर बोलणार आहे. देवदर्शनाची एका दिवसाची बस नव्हे. आपल्याच स्कूटरवरून, समुद्राच्या कडेकडेनं, सात दिवस.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात बायकांच्या हातात स्कूटर आली. पोरांना शाळेत सोडायचं, गोडाऊनच्या कामावर जायचं, दळण आणायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं. स्कूटर दिवसभर धावते, पण सगळी दुसऱ्यांच्या कामासाठी. म्हणून आमच्या गटातल्या आठ जणींनी ठरवलंय, चार स्कूटर काढायच्या आणि कोकण किनारा बघायचा. त्याचं नियोजन कसं केलं ते सांगते. तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, कधी जायचं? पावसाळ्यात समुद्र खवळलेला, रस्ते निसरडे. मे महिन्यात ऊन आणि लग्नं. दिवाळीत भातकापणी. नाताळच्या आठवड्यात किनाऱ्यावर गर्दी आणि खोल्या महाग. म्हणून जानेवारीचा शेवट धरला. २६ जानेवारीची ग्रामसभा करायची आणि २७ला पहाटे निघायचं.

दुसरा प्रश्न, किती लांब जायचं? मन म्हणतं गोव्यापर्यंत. पण आठवड्यात परतही यायचंय. किनाऱ्याचा रस्ता वळणाचा आणि चढउताराचा. म्हणून नियम केला, किनाऱ्यावर दिवसाला १०० किलोमीटरच्या वर नाही आणि अंधार पडल्यावर गाडी नाही. या हिशोबात आपला शेवटचा मुक्काम गुहागर.

आता वाट ऐका. पहिला दिवस ठाण्यावरून मुंबईत भाऊच्या धक्क्यावर. अटल सेतू आणि ईस्टर्न फ्रीवे, दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे, तिकडे वळायचं नाही. धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. २०२० साली सुरू झालेल्या या बोटीत स्कूटरसकट चढता येतं आणि तासाभरात पलीकडे उतरता येतं. तिकीट आधी काढून ठेवायचं. मुक्काम अलिबागजवळ नागावला.

दुसरा दिवस रेवदंडा, काशीद, मुरुड. राजपुरीहून होडीनं जंजिरा किल्ला बघायचा. मग आगरदांड्याहून जंगरनं दिघी आणि दिवेआगरला मुक्काम. तिथं घरगुती खानावळी आहेत. उकडीचे मोदक हवेत तर आधी सांगून ठेवायचं.

तिसरा दिवस किनाऱ्यावरचा सगळ्यात लांबचा. श्रीवर्धनला रोठा सुपारीच्या बागा, पुढे हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून जंगरनं सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी. इथून रत्नागिरी जिल्हा लागतो. जवळच वेळास गाव आहे. २००२ सालापासून तिथं सागरी कासवांची अंडी राखण्याचं काम चालतं. पिल्लं बघायला येणारे पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात आणि त्या घरच्या बायका रांधून वाढतात. आपल्या गटांनी त्यांच्याकडून हा व्यवसाय समजून घ्यायचा. पुढे केळशी, आंजर्ले आणि हर्णैला मुक्काम. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो.

चौथ्या दिवशी मुरुड. जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीचं. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. मग दाभोळहून जंगरनं धोपावे. ही फेरी २००३ पासून आहे, ती नसती तर चिपळूणवरून मोठा वळसा पडला असता. पलीकडे गुहागर. पाचवा दिवस वेळणेश्वर, हेदवी बघून पुन्हा गुहागरलाच, आणि दुपारी चक्क झोप. सहावा दिवस चिपळूणवरून महाड. १९२७ साली बाबासाहेबांनी जिथं पाण्याचा हक्क घेतला, त्या चवदार तळ्यावर जायचं. सातव्या दिवशी पनवेलवरून घर. हे शेवटचे दोन दिवस महामार्गाचे, १०० किलोमीटरच्या पुढचे, ट्रक-कंटेनरच्या सोबतीचे. पहाटे निघायचं आणि दर तासाला थांबायचं.

जंगरवर चढताना मागची बाई उतरून चालत जाईल. उतार ओला असतो. गाडी हळू घ्यायची, आत मधल्या स्टँडवर लावायची. शेवटची फेरी कधी ते आदल्या दिवशीच फोनवर विचारायचं.

आता खर्च. एकूण अंतर साधारण ७०० किलोमीटर. लिटरला ४० धरले तर साडेसतरा लिटर पेट्रोल. १०५ रुपये दरानं सुमारे १८४० रुपये, दोघींत वाटून ९२०. सहा रात्रींचे माणशी ३०००, जेवणाखाण्याचे २८००, बोटी-जंगर-किल्ल्याचे ८००, अडीअडचणीला १०००. म्हणजे एकीला साडेआठ हजार. आठवड्याला १७५ रुपये टाकले तर ४९ आठवड्यांत जमतात. ही वही वेगळी ठेवायची. गटाच्या अंतर्गत कर्जातून सहल करायची नाही.

पण रोजंदारीवर जाणाऱ्या ताईचा खर्च इथं संपत नाही. तिची सात दिवसांची हजेरी बुडते. तोही खर्चच आहे, तो मोजल्याशिवाय तिला "चल गं" म्हणू नका. तिच्यासाठी तीन दिवसांचा बेत ठेवलाय, दिवेआगरपर्यंत जाऊन परत. जिला गाडी चालवता येत नाही आणि मागे बसायचंही नाही, तिनं एसटीनं यावं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. गाडी कुणाच्या नावावर आहे? बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा मुलाच्या. विम्यात जो १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा असतो. म्हणजे गाडी जिच्या नावावर आहे आणि जिच्याकडे वैध परवाना आहे, तिचा. नवऱ्याच्या नावाची गाडी तुम्ही चालवता, तेव्हा ते संरक्षण तुम्हाला नसतं. मागे बसणारीचा हप्ताही वेगळा भरावा लागतो. हे सहलीपुरतं नाही, रोज दळण आणायला जाताना सुद्धा हेच. गाडी आपल्या नावावर करून घेता येते. घरात शांतपणे विषय काढा.

शिकाऊ परवान्यावर या वाटेला यायचं नाही. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हेल्मेट दोघींनाही, आयएसआय शिक्क्याचं. ब्रेक, टायर तपासून घ्यायचे. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरायचं. पंपावर स्वच्छतागृह फुकट वापरू द्यावं लागतं, संकोच करू नका. पाळीचं सामान, रोजच्या गोळ्या डिकीत वरच ठेवा. अडचणीला ११२.

"सात दिवस घर कोण बघणार?" हे सगळ्या विचारणार. आमच्या गटात दोन महिन्यांपासून सराव चालू आहे. महिन्यातल्या एका रविवारी ताई सकाळी बाहेर पडते, रात्री परत येते. पोरं-नवरा काय ते करतात. पहिल्या रविवारी भात करपला, दुसऱ्या रविवारी वरणही झालं.

गुहागरच्या पुढेही किनारा आहेच. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना खारफुटी दाखवतात. तिथं पुढच्या वर्षी जायचं, निदान रेल्वेनं तरी.

तोवर पुढच्या बैठकीला एवढं करा. गाडीचं आरसी, विम्याचा कागद आणि आपला परवाना, तिन्ही घेऊन या. सगळ्यांनी मिळून वाचू.