इंटरनॅशनल स्टडीज केलं, आता पुढे काय?

आजचा विषय माझ्या फील्डबाहेरचा आहे. मी बीटेक, कोड लिहिणारा माणूस. पण "इंटरनॅशनल स्टडीजमध्ये एमए केलं, पुढे काय?" हा प्रश्न आमच्या घरात चार वर्षं रोज जेवताना निघायचा.

माझ्या मावसबहिणीनं, ताईनं, हेच एमए केलं. डोक्यात एकच, आयएफएस. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा आणि दिवसभर अभ्यासिका. आयएफएसची वेगळी परीक्षा नसते, यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिसेसच द्यायची. ओपनला ३२ वर्षांपर्यंत ६ अटेम्प्ट, आणि परराष्ट्र सेवेच्या जागा वर्षाला काही डझन. ताईनं ४ अटेम्प्ट दिले. चौथ्या निकालानंतर आठवडाभर ती कुणाशी बोलली नाही.

मग तिनं चेवनिंग स्कॉलरशिप बघितली. यूकेत एक वर्षाचं मास्टर्स, खर्च त्यांचा. पण तिथे २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, कामाचा अनुभव लागतो. ताईकडे शून्य. अभ्यासिकेतले तास कोण धरणार हो?

आणि यूएन? यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला वयाची अट परत ३२, शिवाय त्या वर्षीच्या यादीत आपला देश असावा लागतो. ते आधी तपासा. यूएन सेक्रेटरिएटची इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्कचं भाडं घरून भरायचं, बोला!

खरं सांगतो, मला ही डिग्री शोभेची वाटायची. मग मी एका बँकेच्या सँक्शन्स स्क्रीनिंगच्या प्रोजेक्टवर गेलो. कुणी पैसे पाठवले की पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव यूएन, अमेरिका, युरोपियन युनियन यांच्या बंदीच्या याद्यांशी ताडून बघायचं. मला वाटलं, स्ट्रिंग मॅचिंग, दोन दिवसांचं काम! पण मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत कितीतरी स्पेलिंगनी लिहितात. त्यात अमेरिकेचा ५० टक्क्यांचा नियम: बंदी असलेल्यांची मिळून निम्मी किंवा जास्त मालकी असेल, तर ती कंपनी यादीत नसली तरी तिच्यावर बंदी लागू. आता दुबईतल्या कंपनीमागे मॉस्कोचा मालक आहे का, हे माझा कोड एकटा नाही सांगू शकत. ते शोधणारी टीममधली मुलगी इंटरनॅशनल रिलेशन्सवाली होती. तिला रशियन वाचता यायचं, एक्सेल चोख होतं. त्या टीममध्ये सगळ्यात आधी तिचा शब्द घ्यायचे.

मी त्याच रात्री ताईला फोन केला.

म्हणून माझं मत ऐका, पटलं तर घ्या. एमएच्या पहिल्या वर्षापासून एक परदेशी भाषा धरा. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवतात. सोबत एक हाताला येणारं काम शिका: डेटा, एक्स्पोर्टची कागदपत्रं, कम्प्लायन्स, काहीही. यूपीएससी द्या, जरूर द्या, पण किती अटेम्प्ट ते आधी कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा. ताईनं लिहिलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही, ती चूक आमची.

ताई आता एका स्क्रीनिंग टीममध्ये आहे, संध्याकाळी रशियनचा क्लास. उरलेले दोन अटेम्प्ट द्यायचे की नाही, अजून ठरलेलं नाही. पण फोनमध्ये तिनं एक नोट ठेवलीय, रोज अपडेट करते. काल त्यात १,९१२ तास झाले होते.

चला, पुढच्या भागात भेटू.