शाळेचा पुढचा टप्पा

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळा वाढते ती गरजेच्या धक्क्याने. आठवीच्या दोन तुकड्यांच्या चार होतात, जागा पुरत नाही म्हणून पत्र्याची शेड उभी राहते, आणि ही तात्पुरती शेडच पुढे वीस वर्षे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात भाजते. अनुदानित शाळेच्या शिक्षकांचे वेतन शासन देते. इमारतीसाठी मात्र संस्थेला वर्गण्या गोळा कराव्या लागतात. अशा शाळेची पुनर्बांधणी टप्प्याटप्प्यानेच होणार. शेवटच्या टप्प्यावर काय ढकलले जाते, हे मात्र कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

इंग्लंडचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील मजूर पक्षाच्या सरकारने २००४ साली सुमारे ३,५०० माध्यमिक शाळा १५ वर्षांत नव्याने बांधण्याची वा सुधारण्याची योजना हाती घेतली. गरजू वस्त्यांना अग्रक्रम दिला, हे न्याय्यच होते. परंतु खाजगी भांडवलाचे करारमदार आणि सल्लागारांच्या फेऱ्या यांत वर्षे सरली. २००८ अखेर २०० शाळा उघडायच्या होत्या, उघडल्या ४२. जुलै २०१० मध्ये नव्या सरकारने योजना गुंडाळली आणि ७०० हून अधिक शाळांची कामे कागदावरच राहिली. त्यांच्या वाट्याचा टप्पा आलाच नाही.

म्हणून प्रत्येक टप्पा असा आखावा की, पैसा तेथेच आटला तरी शाळा लंगडी राहू नये. आठ खोल्यांचा सांगाडा उभारून पाणी व स्वच्छतागृहे ‘पुढे पाहू’ म्हणण्यापेक्षा चारच खोल्या बांधाव्यात, पण त्यांच्यासोबत मुलींची स्वच्छतागृहे, नळ आणि सांडपाण्याची वाट पूर्ण करावी. वयात आलेल्या मुलीची शाळा सुटते ती पुष्कळदा या एका गैरसोयीपायी, आणि ती मुलगी दुसऱ्या टप्प्याची वाट पाहत थांबत नाही. देणगीदारांच्या नावांची कमान मात्र थांबू शकते. (प्रत्यक्षात ती सर्वांत आधी उभी राहते, हे सांगायला नकोच.)

आराखडा मात्र पहिल्याच दिवशी साऱ्या आवाराचा व्हावा. नाहीतर आज बांधलेली भिंत उद्याच्या गटारासाठी फोडावी लागते. नवी खोली वापरात आल्याखेरीज जुनीला हात लावू नये. पाया दिवाळीनंतर खणावा, छप्पर मृगाआधी पडावे, आणि मार्चमध्ये दहावीचे पेपर चालू असताना गवंड्याचा हातोडा बंद राहावा. ही अट कंत्राटातच घालावी, तोंडी आश्वासनावर सोडू नये.

उरला मैदानाचा प्रश्न. खडी-वाळूचे ढीग कोठे पडणार, किती महिने राहणार आणि ट्रक कोणत्या फाटकाने येणार, हे शाळा समितीने नकाशावर लिहून घ्यावे व तो नकाशा मुलांना दिसेल अशा ठिकाणी लावावा. मुदत संपल्यावर ढीग तसाच दिसला, तर जाब विचारणारी पोरेच पहिली असतील.