घटलेले वजन टिकविण्याचे अर्थकारण



भारताच्या विकासचर्चेत ‘कुपोषण’ हा शब्द दीर्घकाळ एकाच अर्थाने वापरला गेला : पोटाला पुरेसे न मिळणे. आकडेवारीने हा अर्थ आता अपुरा ठरविला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) १५ ते ४९ वयोगटातील १२.६ टक्के स्त्रिया व ९.३ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठ या गटात मोडत होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ही प्रमाणे अनुक्रमे २४ व २२.९ टक्के झाली. चौथ्या फेरीपर्यंत (२०१५-१६) कृश स्त्रियांचे पारडे थोडे जड होते : २२.९ टक्के कृश, तर २०.६ टक्के अतिवजनाच्या. पाचव्या फेरीत कृश स्त्रियांचे प्रमाण १८.७ टक्क्यांवर उतरले आणि पारडे फिरले. शहरी स्त्रियांत तर अतिवजनाचे प्रमाण ३३.२ टक्के आहे. लठ्ठपणा हा सधनांचा विकार आहे, ही समजूत १९.७ टक्के हा ग्रामीण स्त्रियांचा आकडा पाहिल्यावर टिकत नाही.

या व्यापक प्रश्नाच्या एका टोकाला बेरियाट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजेच तीव्र लठ्ठपणावरील जठराची शस्त्रक्रिया आहे. ती मोजक्या रुग्णांसाठी असते हे खरे. परंतु आपली आरोग्यव्यवस्था एखाद्या घटनेवर खर्च करण्यात तत्पर व त्यानंतरच्या वर्षांबाबत उदासीन कशी असते, हे या शस्त्रक्रियेइतके स्पष्ट फार थोड्या उपचारांत दिसते.

प्रथम संज्ञा पाहू. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता बॉडी मास इंडेक्स अर्थात बीएमआय मिळतो. जागतिक मोजपट्टीनुसार २५ च्या पुढे अतिवजन व ३० च्या पुढे लठ्ठपणा गणला जातो. भारतीयांत पोटाभोवतीची चरबी अधिक असते आणि मधुमेह कमी वजनावरच गाठतो. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीने ह्या मर्यादा २३ व २५ अशा खाली आणण्यात आल्या. शस्त्रक्रियेसाठी ३७.५, किंवा सोबत मधुमेहासारखा विकार असल्यास ३२.५ हा बीएमआय सुचविला गेला. कुटुंब सर्वेक्षणाचे आकडे मात्र २५ या जागतिक मर्यादेवरचे आहेत, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. गॅस्ट्रिक बायपास ही पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये प्रथम अवलंबिली. आजच्या तिच्या रूपात जठराची सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकून त्याची नळी करतात. दोन्ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होतात.

स्वीडनचा धडा

या उपचाराचे दीर्घकालीन मूल्यमापन करणारा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाला. शस्त्रक्रिया स्वीकारलेले २,०१० रुग्ण आणि त्यांच्याशी मिळताजुळता, प्रचलित उपचार घेणारा २,०३७ जणांचा तौलनिक गट यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही त्याची मर्यादा. तरीही इतका प्रदीर्घ पाठपुरावा अन्यत्र क्वचितच आढळतो.

निष्कर्ष असे. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. जठरावर पट्टा बसविलेल्यांत २० टक्क्यांची घट दहा वर्षांनी १४ टक्के उरली. तौलनिक गटाचे वजन या काळात दोन टक्क्यांच्या आतच खालीवर होत राहिले.

हे प्रत्यक्ष किलोंत मांडले म्हणजे अधिक बोलके होते. समजा, १६५ सेंटिमीटर उंचीच्या एका कर्मचाऱ्याचे वजन १२० किलो आहे. त्याचा बीएमआय ४४ भरतो. बायपासनंतर सरासरीप्रमाणे त्याचे वजन दीड-दोन वर्षांत ८२ किलोच्या आसपास येईल. त्या सुमारास आप्तेष्ट कौतुक करतील, कपडे नव्याने शिवावे लागतील. दहाव्या वर्षी मात्र काटा ९० किलोवर असेल आणि बीएमआय ३३, म्हणजे अद्यापही लठ्ठ गटातच. मग उपचार फसला म्हणावयाचे काय? मुळीच नाही. सुमारे ११ वर्षांच्या सरासरी पाठपुराव्यानंतर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया गटातील मृत्यूचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते. २०२० मधील विश्लेषणात या गटाचे आयुर्मान तौलनिक गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते अजूनही साडेपाच वर्षांनी कमीच होते.

आठ किलो परत आले म्हणून स्वतःला दोषी समजणारा आणि लाजेपोटी डॉक्टरांकडे जाणे सोडणारा रुग्ण हे या क्षेत्रातील मोठे नुकसान होय. काही किलो परत येणे हे सरासरी वास्तव आहे. धोका आहे तो आठाचे पंचवीस होऊ देण्यात.

वजन परत का येते?

शरीर घटलेले वजन ही आपत्ती समजते. केवळ आहार कमी करून वजन उतरविले की भूक चाळविणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि विश्रांत अवस्थेतील ऊर्जेचा खर्च घटतो. अमेरिकेतील वजन घटविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांनंतर बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते; तरीही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. इच्छाशक्तीचा उपदेश करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शस्त्रक्रिया या संप्रेरकांचीच मांडणी बदलते. स्लीव्हमध्ये घ्रेलिन निर्माण करणारा जठराचा भाग जातो; बायपासनंतर तृप्तीचा संदेश देणारी आतड्यातील संप्रेरके वाढतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर हे एक पूर्वबंधन आहे. २००५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले थॉमस शेलिंग यांनी माणूस स्वतःच्याच उद्याच्या मोहाला आज कसा बांध घालतो, याचे विवेचन केले आहे. मात्र या बांधाला फटी असतात. घन अन्न अडते, पण गोड चहा, सरबत, आइस्क्रीम, शीतपेय सहज उतरते. एका वेळी फार खाता येत नाही, म्हणून दिवसभर थोडे थोडे फरसाण तोंडात टाकले जाते. जठराची पिशवी कालांतराने सैलावते. मद्य अधिक वेगाने रक्तात भिनते. आणि पहिल्या वर्षी मिळालेली भुकेची सवलत हळूहळू ओसरते. पहिले वर्ष ते दीड वर्ष हा सवयी घडविण्याचा काळ आहे. तो नुसता वजनकाट्याच्या आनंदात घालविला तर पुढे तो हाती लागत नाही.

भारतीय ताटाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारणतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि स्नायू झिजले की ऊर्जेचा खर्च आणखी घटतो. आपला आहार धान्यप्रधान आहे. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. केवळ वरणातून ६० ग्रॅम मिळवायची तर पाव किलो डाळ शिजवावी लागेल. ती त्या लहानशा पिशवीत मावणे अशक्यच. म्हणून अंडी, दूध, दही, पनीर, मासे, सोयाबीन यांचा क्रम ताटात भात-पोळीच्या आधी लावावा लागतो. पंगतीत आग्रहाने वाढणे हा आपल्याकडे स्नेह मानला जातो, तिथे चार घासांवर थांबणाऱ्याला दरवेळी स्पष्टीकरण द्यावे लागते. उपवासाची साबुदाणा खिचडी हे आणखी एक अवघड वळण : प्रथिने नगण्य, पिष्ट व तेल भरपूर.

याशिवाय लोह, कॅल्शियम, ‘ब-१२’ व ‘ड’ जीवनसत्त्व यांची पूरके आयुष्यभर घ्यावी लागतात. विशेषतः बायपासनंतर, कारण अन्न आतड्याच्या शोषक भागाला वळसा घालून जाते. पाचव्या कुटुंब सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा देशात लोहाचे शोषण घटविणारी शस्त्रक्रिया करून रक्ततपासणीची तजवीज न करणे हा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल. शस्त्रक्रियेनंतर निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्लाही याच कारणाने दिला जातो.

धरण आणि पाटचारी

आता खर्चाची बाजू. खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया काही लाख रुपयांच्या घरात जाते. लठ्ठपणावरील उपचार पूर्वी विम्यातून सरसकट वगळले जात. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींचे प्रमाणीकरण केले. रुग्ण १८ वर्षांवरील असणे, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय किमान ४०, किंवा गंभीर सहविकारासह ३५, आणि सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असणे, अशा अटी पूर्ण करणारी शस्त्रक्रिया या वगळणुकीतून बाहेर आली. पाऊल स्वागतार्ह होते. मात्र भारतीय तज्ज्ञांची मर्यादा ३२.५ व ३७.५ आणि विम्याची ३५ व ४०, या दोहोंमध्ये सापडलेल्या रुग्णाने काय करावे, हा प्रश्न उरतोच.

अधिक मूलभूत अडचण विम्याच्या रचनेत आहे. आपला आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयातील खाटेशी जोडलेला आहे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचेच उदाहरण घ्यावे : दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस इतका काळ त्या संरक्षणात येतो. अपघात वा शल्यकर्मासाठी ही चौकट पुरेशी ठरते. परंतु वजनाचा कस लागतो तो तिसऱ्या, पाचव्या, आठव्या वर्षी. आहारतज्ज्ञाची भेट, मानसोपचार, पूरके, रक्ताच्या तपासण्या हा खर्च बहुतांशी खिशातून होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१४-१५ मधील ६२.६ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे, पण उरलेला भार अशाच दीर्घ व किरकोळ भासणाऱ्या खर्चांच्या रूपाने कुटुंबाला जाणवतो. महिन्याची गोळी परवडेनाशी झाली की प्रथम तीच सुटते.

नियोजनाच्या अभ्यासकांना हे चित्र अपरिचित नाही. धरण बांधून होते, उद्घाटनही होते. पाटचाऱ्यांची डागडुजी मात्र निधीअभावी राहते आणि निर्माण झालेली सिंचनक्षमता व प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांत अंतर पडते. योजना खर्च म्हणजे विकास व योजनेतर खर्च म्हणजे उधळपट्टी, या समजुतीने देखभालीवर अन्याय केला. हा भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून रद्द झाला. शस्त्रक्रिया हे धरण आहे आणि त्यानंतरची दहा वर्षे ही पाटचारी.

नवी औषधे आली म्हणून हा हिशेब टळत नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड व जून २०२५ मध्ये वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीस आले. त्यांनी वजन निश्चित घटते. परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शस्त्रक्रियेत मोठी रक्कम आरंभी जाते व देखभाल पुढे चालते; औषधात आरंभ हलका, पण हप्ता न संपणारा. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने किंमत उतरण्यास वाव आहे.

प्रतिबंध स्वस्त पडतो, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षण २०२२-२३ नुसार शहरी कुटुंब आपल्या मासिक खर्चाच्या १०.६४ टक्के पेये व प्रक्रियायुक्त खाद्यांवर करते, धान्यांवर केवळ ३.६४ टक्के. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के ‘फॅट टॅक्स’ लावला; तो पुढच्याच वर्षी वस्तू व सेवा करात विलीन झाला. शीतपेयांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर आहे. आधी अधिभारासह भारही तेवढाच असल्याने त्यातून वेगळा परिणाम अपेक्षिणे भाबडेपणाचे ठरेल.

ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी व्यवस्था उभारण्यास फार मोठा निधी लागत नाही. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आयुष्मान आरोग्य मंदिरांत रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी होतच असते. त्याच टेबलावर शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचे वजन, कमरेचा घेर व हिमोग्लोबिन दर तीन महिन्यांनी नोंदविता येईल, वर्षातून एकदा ‘ब-१२’ व ‘ड’ जीवनसत्त्वासाठी नमुना जिल्हा रुग्णालयाकडे पाठविता येईल, आणि पाच किलोंहून अधिक वाढ दिसताच मूळ शल्यचिकित्सकाला कळविता येईल. स्वीडनने २००७ पासून अशा रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली असून पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या व दहाव्या वर्षीची स्थिती तीत उतरविली जाते. आपल्याकडे १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला ही नोंद जोडता येईल. विमा कंपनीने शस्त्रक्रियेचे देयक मंजूर करतानाच पाच वर्षांच्या पाठपुराव्याची रक्कम त्यात धरावी आणि रुग्णालयाला ती दरवर्षीची नोंद पाहूनच द्यावी.