घरच्या शाळेंत धर्ममंडन आणि विज्ञान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लक्षावधि मुलें शाळेंत न जातां आईबापांपाशीं घरींच शिकतात. 1993 सालापर्यंत ही मोकळीक तेथील पन्नासही संस्थानांत कायदेशीर ठरली होती. बेरीज-वजाबाकी घरीं शिकवितां येते. पण मूल चौदा-पंधरा वर्षांचें झालें, कीं रसायन आणि जीवशास्त्र एकट्या आईच्या आटोक्यांत राहत नाहीं. मग कांहीं कुटुंबें एकत्र येऊन, बहुधा चर्चच्याच एखाद्या खोलींत, आठवड्यांतून एकदोन दिवस वर्ग चालवितात. यांपैकीं जीं कुटुंबें श्रद्धावान् ख्रिस्ती असतात, त्यांच्या वर्गांत विज्ञानाच्या जोडीला धर्ममंडनही शिकवितात. ही विद्या जुनी आहे. दुसऱ्या शतकांत जस्टिन नांवाच्या तत्त्वज्ञानें रोमच्या बादशहास उद्देशून ख्रिस्ती धर्माच्या बचावाचा ग्रंथ लिहिला होता.

आपल्या धर्माचें समर्थन मुलांस शिकविण्याचा आईबापांचा अधिकार मला मान्य आहे. विचार करावयाचा तो शिकविण्याच्या रीतीचा.

1802 सालीं विल्यम पेले या इंग्रज धर्मोपदेशकानें असा युक्तिवाद केला, कीं माळरानावर घड्याळ सांपडलें तर त्याचा कोणी कारागीर असलाच पाहिजे. मग डोळ्यासारख्या नाजूक यंत्राचा कां नसावा? तरुणपणीं डार्विननें पेलेचे ग्रंथ मोठ्या आवडीनें वाचले होते. त्याच डार्विननें 1859 सालीं दाखविलें, कीं लहान लहान फरकांची निवड पिढ्यानुपिढ्या होत गेल्यास असें यंत्र निसर्गक्रमानेंही घडूं शकतें. आतां, जो शिक्षक पेले मन लावून शिकवितो आणि डार्विनला थट्टेवारी उडवून लावतो, त्याचा विद्यार्थी अठराव्या वर्षीं कॉलेजांत गेल्यावर काय होतें? तेंच उत्तर तेथें पूर्ण बळानिशीं पुढें उभें राहतें, आणि 'मला घरीं फसविलें' असें त्याच्या मनांत येतें. जी श्रद्धा राखण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तिच्यासह आईबापांवरचा विश्वासही त्या दिवशीं डळमळतो.

पृथ्वी अवघी कांहीं हजार वर्षांची आहे, असेंही कांहीं वर्गांत विज्ञान म्हणून सांगतात. युरेनियमचें शिसें ठराविक गतीनें होतें. उल्कापाषाणांतील शिशाच्या मोजमापावरून क्लेअर पॅटर्सन यांनीं 1956 सालीं पृथ्वीचें वय सुमारें 455 कोटी वर्षें ठरविलें. हें गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावें. बायबलचा अर्थ कसा लावावा, याची चर्चा त्यानंतर धर्माच्या तासाला खुशाल व्हावी.

या बाबतींत ज्यॉर्ज लमेत्र यांचें उदाहरण चांगलें आहे. हे बेल्जममधील कॅथॉलिक धर्मगुरु. 1927 सालीं त्यांनीं विश्व प्रसरण पावत असल्याचें गणितानें मांडलें. 1951 सालीं पोप बारावे पायस यांनीं विश्वाच्या आरंभाच्या कल्पनेंत सृष्टिकर्त्याची साक्ष पाहिली. परंतु स्वतः लमेत्र यांनीं आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलग ठेवला. श्रद्धाही सोडली नाहीं, आणि गणितही वांकविलें नाहीं.

आपल्या शास्त्रकारांची रीत हीच होती. आधीं पूर्वपक्ष मांडावयाचा, तोही प्रतिपक्षाला कबूल होईल इतका नीट, खंडन मागाहून. 1831 सालीं मुंबईंत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, तेव्हां ऐकणारांस दोन्ही पक्ष त्या त्या पक्षाच्याच तोंडून ऐकावयास मिळाले. घरच्या वर्गांत प्रतिपक्ष हजर नसतो. त्याची बाजूही शिक्षकासच प्रामाणिकपणें मांडावी लागते.

म्हणून अशा वर्गाच्या परीक्षेंत एक प्रश्न मी अवश्य घालीन: 'तुम्हांस न पटणारें मत, तें मानणारा मनुष्य मान डोलवील अशा रीतीनें लिहा.' ज्या मुलास हें साधलें, त्यास कॉलेजांत पाठवितांना आईबापांनीं काळजी करण्याचें कारण नाहीं.