‘हिला वशिंड कुठाय?’ : बालवाडीतल्या पोरानं माझं ॲप नापास केलं त्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? चला मग.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. हसू नका! तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हे पाळीव प्राणी शिकवायचे कसे, यावर आज बोलायचंय. आणि हे मी एक्स्पर्ट म्हणून सांगत नाहीये. मी तोंडावर आपटलो, म्हणून सांगतोय.

तर झालं असं. माझी आत्या माण तालुक्यातल्या एका वाडीत अंगणवाडी सेविका आहे. माण म्हणजे सातारा जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. शेती बेभरवशाची, त्यामुळे दारात जनावर हवंच. कुणाकडे खिल्लार, कुणाकडे शेळ्या, कुणाकडे मेंढरं. दिवाळीत गेलो होतो तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, “आत्या, तुझ्या पोरांसाठी मी एक ॲप बनवतो.” इंजिनिअर माणूस, दुसरं काय म्हणणार!

दोन वीकेंडमध्ये ॲप तयार. इंटरनेटवरून फुकट मिळणारी चित्रं घेतली, आवाज डाउनलोड केले. चित्र दिसणार, मुलानं नाव सांगायचं, शेजारी बसलेल्यानं बटण दाबायचं. बरोबर असेल तर टाळ्या, चूक असेल तर लाल फुली आणि ‘टॉंय’ असा आवाज. जुन्या टॅबवर टाकून मी पुढच्या महिन्यात वाडीत हजर.

पहिलाच नंबर एका पाच वर्षांच्या पोराचा. त्याच्या घरी खिल्लार गाय आहे आणि मेंढरांचा कळप. माझ्या मनात आलं, हा तर टॉपर. स्क्रीनवर आली काळी-पांढरी, गुबगुबीत गाय. हिरव्यागार कुरणात उभी. पोरगं म्हणालं, “जर्सी.”

मी म्हटलं, “अरे गाय आहे ती.” तर म्हणतो, “गाय न्हाय. हिला वशिंड कुठाय?”

मी फुलीचं बटण दाबलं. टॉंय.

पुढचं चित्र, मेंढी. पांढरी शुभ्र, कापसाच्या ढगासारखी. त्याच्या घरची मेंढरं दख्खनी, म्हणजे बहुतेक काळीच. बराच वेळ बघून म्हणाला, “ठाव न्हाय.” मेंढरांत वाढलेलं पोर मेंढीला ‘ठाव न्हाय’ म्हणालं! टॉंय. मग कोंबड्याचा आवाज. तोही इंग्रजी, ‘कॉक-अ-डूडल-डू’. आमच्या वाडीत असा कुठला कोंबडा आरवतो? तिसऱ्यांदा टॉंय.

त्यानं टॅब खाली ठेवला आणि दाराशी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो टॅबच्या जवळही आला नाही. आत्या रात्री भाकरी थापता थापता मला म्हणाली, “आरं, त्याला जनावरं ठावी हायती. तुझी चित्रं ठावी न्हाईत.”

मला रात्रभर झोप नाही. कारण गायीच्या बाबतीत ते पोरगं बरोबर होतं! आता ती काळी-पांढरी गाय होल्स्टीन फ्रिजियन होती आणि जर्सी ही वेगळी जात, तपकिरी रंगाची. पण आमच्याकडे कुठल्याही विदेशी किंवा संकरित गायीला सरसकट जर्सीच म्हणतात. मुद्दा वशिंडाचा. वशिंड ही आपल्या देशी गायींची ओळख. युरोपातल्या गायींना ते नसतं. हा फरक पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवतात. पाच वर्षांच्या मुलानं तो निव्वळ बघून ओळखला, आणि माझ्या ॲपनं त्याला फुली दिली.

आता थोडं टेक्निकल. २०१८ साली ‘रेकग्निशन इन टेरा इन्कॉग्निटा’ नावाचा एक रिसर्च पेपर आला. त्यातलं उदाहरण भारी आहे. फोटो ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला कुरणातली गाय बरोबर ओळखता येते, पण तीच गाय समुद्रकिनाऱ्यावर उभी केली की तो गडबडतो. का? तो गायीबरोबर मागचं हिरवं गवतही शिकलेला असतो. आपण मुलांना एकाच छापाची चित्रं दाखवतो तेव्हा हेच करतो. मूल गाय शिकत नाही, गायीचं चित्र शिकतं. आणि ज्याला खरी गाय माहीत आहे, तो चित्रापाशी अडतो.

बरं, ही अक्कल आपल्या महाराष्ट्रात फार जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं चारायला जावं लागायचं. मग या बायकांनी काय केलं? शाळाच कुरणात नेली! नावच ‘कुरणशाळा’. गुरं चरतायत आणि शेजारी शिकणं चाललंय. त्यांनी मुलाच्या हातातली गुरं सोडवली नाहीत. आणि मी? मी गोठ्यातल्या मुलाला स्क्रीनसमोर बसवलं.

मग आत्या आणि मी सगळं बदललं. कुणी ताई-बाई ऐकत असाल किंवा घरात लहान भावंडं असतील, तर करून बघा.

एक. सुरुवात “हे काय आहे?” अशी करायची नाही. “तुमच्या घरी कोण कोण आहे?” असं विचारायचं. आमच्याकडे वीस मिनिटं पोरं थांबेनात. गायीचं नाव, शिंगं, ती कुणाला मारते, सगळं.

दोन. फोटो आपल्याच वाडीतले. बसलेली गाय, पाठमोरी गाय, रवंथ करणारी गाय. जर्सी आणि खिल्लार शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि विचारायचं, फरक सांगा.

तीन. मराठीची श्रीमंती वापरा. गायीचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू. सगळ्यांना ‘पिल्लू’ म्हणून मोकळं होऊ नका.

चार, सगळ्यात महत्त्वाचं. एक खरं जनावर आणा. आम्ही एक गरीब शेळी अंगणात बांधली. धरायला मालकीण स्वतः. चार-चार मुलं, मागून जायचं नाही, हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे. आणि एकच प्रश्न, “ती कशी खाते?”

तेव्हा दाराशी बसणारं ते पोरगं पहिल्यांदा बोललं. “हिला वरती म्होरं दात नसत्यात.”

माझ्या तोंडात आलंच होतं, “असं कसं असेल?” पण यावेळी गप्प बसलो. मालकिणीनं शेळीचा ओठ उचलून दाखवला. खरंच! खाली पुढचे दात, वर नुसती कडक हिरडी. नंतर वाचलं, गाय, म्हैस, मेंढी, सगळ्यांचं तसंच. मी बीटेक, वय वर्षं अठ्ठावीस, मला हे आज कळलं.

एक अवघड गोष्टही सांगतो. एका मुलीनं विचारलं, “आमचा बोकड बाजारात नेला, तो परत का आला न्हाय?” मी विषय बदलणार होतो. आत्यानं बदलला नाही. म्हणाली, “विकला बाळा. त्याच्या पैशातनं तुझ्या दादाचं दप्तर आलं. तुला आठवण येती का त्याची?” मुलगी “हो” म्हणाली. आत्यानं तिला जवळ घेतलं, बास. खोटं सांगितलं नाही आणि नको तेवढंही सांगितलं नाही.

शहरातल्या मुलांचं काय? माझी पुण्यातली भाची सांगते, दूध डिलिव्हरीवाला दादा देतो. तिला उपदेश नको. तिला खरवस द्या आणि सांगा, गाय-म्हैस व्यायली की पहिले काही दिवस जो चीक येतो, त्याचा हा होतो. वासरू झालं तरच दूध येतं, ही गोष्ट कितीतरी मोठ्यांच्याही डोक्यात नसते. जवळपास गोठा असेल तर एकदा घेऊन जा. वास येईल. येऊ द्या.

ॲपचं काय झालं? फुली आणि टॉंय काढून टाकलं. आता मूल फोटो बघून बोलतं, ते रेकॉर्ड होतं, आणि बाकीची पोरं ऐकतात. फोटोंना नावं कोण देतं माहितीये? तेच पोरगं. गेल्या महिन्यात मी एका फोटोखाली ‘मेंढीचं पिल्लू’ लिहीत होतो. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं.

“कोकरू म्हण.”

म्हटलं, बरं साहेब.

तुमच्या गावाकडे कुठलं जनावर आहे, त्याला आणि त्याच्या पिल्लाला काय म्हणतात, व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पोरांना ऐकवतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!