चित्रप्रदर्शन आणि आपण गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, आरोग्य, मुलांचा अभ्यास अशा विषयांवर ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी "हवा तो विषय घे" असे सांगितले, म्हणून मी चित्रकला घेतली. दोघीतिघींनी मला जिन्यातच विचारले, "सातवी शिकलेल्या बाईने चित्रांवर काय बोलायचे?" प्रश्न रास्त आहे. मी जाणकार नाही. पण साडीचा काठ, पापलेटचा ताजेपणा आणि दारात आलेल्या माणसाचा चेहरा आपण बायका एका नजरेत ओळखतो. तीच नजर घेऊन मी चित्रे पाहिली, आणि पाहिले तेवढेच सांगणार आहे.

ज्या चित्रकाराविषयी बोलायचे, ते श्री. सुधीर पटवर्धन. जन्म १९४९ चा, पुण्याचा. शिक्षणाने डॉक्टर. १९७३ साली ते मुंबईस आले आणि पुढे ठाण्यात १९७५ पासून २००५ पर्यंत त्यांनी क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून काम केले. दिवसा रोग्यांचे फोटो तपासायचे आणि उरल्या वेळात रंगवायचे, असा तीस वर्षांचा नेम. आपण भोईवाड्यातल्या बायका. के.ई.एम., टाटा, वाडिया ही रुग्णालये आपल्या उंबऱ्यावर आहेत. क्ष-किरणाच्या रांगेत बसलेला माणूस कसा दिसतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. थकलेला असतो, भ्यालेला असतो, पण ताठ बसायचा प्रयत्न करतो. तीस वर्षे अशी माणसे ज्याच्यापुढे आली, त्याच्या चित्रांत माणसे येणारच.

२०१९ च्या नोव्हेंबरपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या अनेक वर्षांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. माझी मुलगी मला घेऊन गेली. मला वाटले होते, न समजणारे रंगांचे फराटे असतील. पाहते तो काय, आपलीच माणसे! इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, लोकलच्या डब्यातील गर्दी, रस्ता, पूल, नाला. माणसांचे खांदे जड, हात मोठे, माना जाड. माझे वडील गिरणीत प्रिंटिंग खात्यात होते. दुसरी पाळी करून आल्यावर ते भिंतीला टेकून जसे बसत, तसे बसणे त्या चित्रांत होते. कोणाला सुंदर करून दाखविलेले नाही आणि कोणाची कीवही केलेली नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

'लोअर परळ' या नावाचे त्यांचे २००१ चे चित्र आहे. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर आपल्या गिरणगावाचे काय झाले, ते इथे बसलेल्या प्रत्येक घराने सोसले आहे. वर्तमानपत्रात त्याचे आकडे आले. पण बदलत्या वस्तीकडे कोणीतरी वर्षानुवर्षे टक लावून पाहिले आणि ते जपून ठेवले, हे चित्रांमुळे कळते.

चित्रकार एकटे प्रदर्शन भरवितात, तशी चारसहाजण मिळूनही भरवितात. आपण हळदीकुंकू एकत्र करतो तसेच. १९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' म्हणजे 'माणसांसाठी जागा' या नावाचे प्रदर्शन जहांगीर कलादालनात आणि मग दिल्लीस झाले. त्यात पटवर्धनांबरोबर नलिनी मलानी, भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम आणि जोगेन चौधरी असे सहाजण होते. चित्रांतून माणूस हरवू नये, त्याला जागा मिळावी, हा त्यांचा आग्रह. दहा बाय बाराच्या खोलीत आठजणांचा संसार केलेल्यांना त्या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता एक अवघड प्रश्न. मागल्या भिशीच्या दिवशी आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आपले कष्ट रंगवायचे आणि ते श्रीमंतांनी दिवाणखान्यात लावायचे, त्यात आपले काय?" मी त्यांना खोडून काढणार नाही. मोठी चित्रे मोठी माणसेच घेतात किंवा सांगून काढवून घेतात. पटवर्धनांनी २०१४ साली 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' म्हणजे 'मुंबईच्या म्हणी' हे सात भागांचे भव्य चित्र काढले, तेही महिंद्र कंपनीसाठी. चित्रकारालाही पोट आहे, रंग आणि कापड विकत आणावे लागते. पण या गृहस्थांना वहिनींचा प्रश्न पडला असावा असे मला वाटते. कारण २००८-०९ साली त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे निरनिराळ्या चित्रकारांच्या कामाचे प्रदर्शन जुळवून आणले आणि ते महाराष्ट्रातील शहराशहरांतून फिरले. लोक कलादालनात येत नाहीत, तर चित्रे लोकांकडे न्यावीत, असा तो उद्योग.

आणि श्रीमंत नसलेल्यांसाठी दुसरी एक वाट जुनीच आहे, ती छापील चित्राची. राजा रविवर्म्याने १८९४ साली आपल्या गिरगावात छापखाना काढला आणि राजवाड्यातल्या लक्ष्मी-सरस्वती चाळीच्या खोलीत आल्या. आजचे चित्रकारही अशी चित्रे काढतात, त्यांना मुद्राचित्रे म्हणतात. त्यातली एक पद्धत गिरणीतल्या कापडछपाईसारखीच आहे. जाळीची चौकट घ्यायची, नको तिथे जाळी बुजवायची आणि रबराच्या पट्टीने रंग दाबून खाली उतरवायचा. एका रंगाला एक चौकट. सहा रंग असतील तर कागद सहा वेळा बरोबर जागेवर बसला पाहिजे, केसभर सरकला तरी फुलाचा रंग पानावर जातो. वडील हे घरी हातवारे करून सांगत. मुद्राचित्राखाली पेन्सिलीने १२/५० असे लिहिलेले असते. म्हणजे पन्नास प्रतींतली बारावी. शेजारी चित्रकाराची सही. मूळ चित्राच्या मानाने किंमत पुष्कळ कमी असते. हल्ली संगणकावरूनही प्रती छापतात. म्हणून घेताना प्रत हाताने छापलेली की यंत्राने आणि एकूण किती काढल्या, हे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आपण कुकर घेताना सुद्धा दहा प्रश्न विचारतो.

कला ही आपल्या वस्तीत परकी नाही. आपल्या बारादेवीच्या देवळातली शिवाची मूर्ती घ्या. एकातून एक उमललेल्या त्या आकृती सहाव्या शतकातल्या मानतात. १९३१ साली रस्त्याच्या कामात ही शिळा सापडली. तिची प्रतिकृती फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात ठेवली आहे. लोक ती पाहायला तिकडे जातात आणि मूळ मूर्ती आपल्या शेजारी आहे!

आता माझ्या दोन सूचना. पहिली अशी की यंदाची सहल काळा घोड्याला न्यावी. जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि कोणी "तुम्हाला काय कळते?" असे विचारीत नाही. परळहून गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचे आणि पुढे थोडे चालायचे. डबा बरोबर घेऊ.

दुसरी सूचना जरा खर्चाची आहे. आपल्यातल्या दोन चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या व्हायच्या आहेत. कोणी विरारला, कोणी बदलापूरला भाड्याने जाईल, परत केव्हा येऊ ते देवाला ठाऊक. मोबाईलमध्ये फोटो आहेत, पण मोबाईल बदलला की ते जातात. तेव्हा मंडळाने जे.जे. मधल्या एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला बोलवावे, योग्य मोबदला द्यावा, आणि आपली चाळ काढवून घ्यावी. गॅलरी, नळ, वाळत घातलेले पापड आणि आपण सगळ्या त्यात हव्यात. त्या चित्राच्या पन्नास प्रती छापाव्यात, आणि घर सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक द्यावी. कंपन्या चित्रे काढवून घेतात, मग मंडळाने का घेऊ नये? वहिनींच्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे. आपले चित्र आपणही मागवावे आणि ते आपल्याच भिंतीवर लावावे.

वर्गणीचा आकडा कार्यकारिणीने ठरवावा. पहिली वर्गणी मी आज चिटणीसबाईंकडे देत आहे.