गाणं आपलं, बोलीही आपलीच

आम्ही भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या बचत गटाच्या बाया.

हळदीला आगरी-कोळी गाणी लागली की आजीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचतात. त्याच नाती शाळेत मात्र 'गारी' म्हणायला लाजतात, 'गाडी' म्हणतात. नाचायला बोली चालते, मग बोलायला का नको?

दूरच्या हाँगकाँगमध्येही असंच होतं. लोक घरात, बाजारात कँटोनीज बोलायचे. पण मानाचं गाणं इंग्रजी नाहीतर मँडरिन चिनी. १९७४ च्या सुमाराला वारं फिरलं. टीव्ही मालिकेचं कँटोनीज शीर्षकगीत गाजलं. सॅम हुई या गायकानं कामगारांची रोजची भाषा गाण्यात आणली, पगाराची कुरकुरही हसत हसत गायली. त्याच वर्षी तिथं इंग्रजीच्या जोडीला चिनी भाषा सरकारी कामकाजात आली.

त्या भाषेची एक गंमत आहे. 'सी' उंच सुरात म्हटलं तर कविता, खालच्या सुरात म्हटलं तर वेळ. म्हणून चाल शब्दाच्या सुराप्रमाणे बांधावी लागते. चाल आणि बोली वेगळी करता येत नाही.

आपलंही तसंच आहे. 'गारी'ला 'दारी' जुळतं. कुणी सुधारून 'गाडी' केलं की यमक मोडलं! 'कोली', 'पानी' हे चुकीचे उच्चार नाहीत, ती आपल्या बोलीची रीत आहे.

डीजेवरची गाणी टिकतील, ती मोबाइलमध्ये आहेत. काळजी धवल्यांची आहे. लग्नात धवलारीण मांडवापासून हळदीपर्यंत एकेका विधीचं गाणं गाते. ते तिनं आईकडून, सासूकडून ऐकून पाठ केलेलं. आता शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, लग्नं हॉलमध्ये गेली. तिच्याजवळ बसून शिकणाऱ्या पोरी कमी झाल्या. ती गेली की गाणंही जाईल.

म्हणून प्रत्येक गटानं एवढं करावं. गावातल्या धवलारणीला विचारून, तिच्या सवडीनं मोबाइलवर गाणी भरून घ्यावीत. नुसत्या वहीत चाल उतरत नाही. शब्द ती म्हणेल तसेच लिहावेत, शुद्ध करू नयेत. वर तिचं नाव घालावं, आणि तिच्या वेळेचे पैसे गटातून द्यावेत. लिहायला शाळेतल्या पोरींना बसवा. आजीचा शब्द कागदावर उतरवताना त्यांची लाज आपोआप जाईल.